अडीच दमांचा जिना

माझे थोरले दीर घरसामान हलवण्याचा धंदा करतात. एका घरातले कपाट, पलंग, भांडी, कुंड्या उचलायच्या आणि दुसऱ्या घरात नेऊन लावून द्यायच्या. टेंपो एक, हमाल चार, आणि टेंपो चालवायला आमचे हे. पाटी घराच्या फाटकालाच लावलेली आहे : ‘घरसामान हलवून मिळेल. भाव घर पाहून.’ त्या शेवटच्या तीन शब्दांत भाऊजींचे सगळे आयुष्य गेले, असे म्हटले तरी चालेल.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून रोज एक पान लिहिते. सकाळी देवापुढे बसून झाले की आदल्या दिवसाचे जे आठवेल ते. भाऊजींचे लग्न झालेले नाही. ते आमच्यातच जेवतात आणि जेवताना त्या दिवशी पाहिलेल्या घरांविषयी बोलतात. त्यांना दुसरा विषय नाही. त्यामुळे माझ्या पानांत देवाचे चार शब्द आणि भाऊजींची घरे अशी सरमिसळ झालेली आहे. बावीस वर्षांच्या बावीस वह्या आहेत. त्या कुणाच्या उपयोगी पडतील असे मला कधी वाटले नव्हते.

भाव सांगायला जाताना भाऊजी धुतलेला शर्ट घालतात. एका खिशात मोजपट्टी, दुसऱ्या खिशात रुमाल. दारातून आत गेल्यावर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : “माळ्यावर काय आहे?”

“काही नाही, रिकामाच आहे,” असे उत्तरही ठरलेले.

“रिकामा माळा मी अजून पाहिलेला नाही,” भाऊजी म्हणतात आणि शिडी मागतात. मग माळ्यावरून पाळणा निघतो, बंद पडलेला पंखा निघतो, कुणाच्या तरी शाळेच्या वह्यांची पेटी निघते. घरची बाई नवऱ्याकडे बघते आणि नवरा पंख्याकडे. त्यानंतर दाराच्या मागे, पलंगाच्या खाली, गॅलरीत. कपाट पाहिले की ते त्याला हात लावत नाहीत. आधी दार मोजतात. कपाट खोलीत आणून मग दाराची चौकट बसवलेली घरे त्यांनी पुष्कळ पाहिली आहेत.

सगळ्यात शेवटी जिना. आणि इथेच त्यांची पद्धत इतरांपेक्षा वेगळी. इतर लोक मजले विचारतात. भाऊजी म्हणतात, मजल्यावरून काय कळतं? एका तिसऱ्या मजल्याला रुंद, उतरता जिना असतो आणि दुसऱ्या तिसऱ्या मजल्याला विहिरीसारखा. लिफ्ट असली तरी कपाट तिच्यात मावत नाही. म्हणून ते जिना स्वतः चढतात. खालून वर, एका चालीने, रिकाम्या हाताने. चढताना जिथे थांबून श्वास घ्यावासा वाटेल तिथे थांबतात. असे एकदा थांबले की एक दम. थांबावे लागले नाही, पण कठड्याला हात लावावा लागला, तर अर्धा. वर पोचले की हिशोब तयार : एका दमाचे घर, दीड दमाचे घर, तीन दमांचे घर. दमामागे ठरावीक रक्कम सामानाच्या भावात मिळवायची. “मी रिकाम्या हातानं एकदा थांबलो, तर माझी माणसं कपाट घेऊन दोनदा थांबणार. मी ते त्यांच्या आधी चढून बघतो, एवढंच.” हमालही आपसात तसेच बोलायला लागले होते. “उद्या कुठं?” “उद्या मजा आहे, एक दमाचं.”

भावात आणखी एक गोष्ट ते धरतात, आणि ती गिऱ्हाइकाला सांगत नाहीत. सामान भरून झाले, टेंपोचे दार लागले, की घरची बाई ‘काही राहिलं का बघून येते’ म्हणून वर जाते आणि लवकर खाली येत नाही. कधी पुरुषही जातो. भाऊजी त्यासाठी अर्धा तास धरतात. तेवढ्या वेळात हमालांनी हाका मारायच्या नाहीत, गाडी चालू करायची नाही. त्यांचा तसा नियमच आहे.

दुसरा नियम असा की एकदा सांगितलेला भाव बदलायचा नाही. वरही नाही, खालीही नाही. एका घरात भाव सांगितल्यावर भिंतीतल्या कपाटामागून लोखंडी तिजोरी निघाली. दोन माणसांना हलेना. चौघांनी मिळून ती त्याच भावात उतरवली. तेव्हा आमच्यातला सगळ्यात उंच हमाल, ज्याला सगळे उंट म्हणतात, तो पाठ चोळत म्हणाला होता, “मालक, जीभ तुमची आणि पाठ आमची.” भाऊजींनी त्याला दोन दिवस पगारी सुट्टी दिली, पण गिऱ्हाइकाकडे शब्द काढला नाही.

असा माणूस गावात हळूहळू लोभी म्हणून ओळखला जाऊ लागला.

हे साधारण दोन वर्षांपूर्वी सुरू झाले. भाऊजी भाव सांगून यायचे आणि गिऱ्हाईक परत फिरकायचे नाही. कुणी कळवायचे, दुसरीकडे स्वस्तात जमले. महिन्याला वीस-बावीस घरे व्हायची ती बारावर आली, मग नवावर. एक नवी कंपनी फोनवरच मजला विचारून भाव सांगायची. ह्यांचे म्हणणे, आपणही तसेच करावे.

“दादा, तू एवढा भाव सांगतोस कशाच्या जोरावर?”

“घराच्या.”

“घरं तीच आहेत, भाव वाढतोय.”

“मग घरं तीच नसतील,” भाऊजी म्हणत आणि ताटावरून उठत.

ह्यांनी माझ्याजवळ बोलून दाखवले की दादाला म्हातारपणी पैशाची हाव सुटलीय. खरे सांगायचे तर मलाही तसे वाटले. मागेपुढे कुणी नसलेल्या माणसाला शेवटी पैशाचाच आधार वाटत असेल, असा मी विचार केला. जवळजवळ वर्षभर मी रोज सकाळी भाऊजींना समाधान मिळावे म्हणून देवाला विनवत होते. चुकीच्या गोष्टीसाठी केलेली प्रार्थनाही तो ऐकून घेत असावा. निदान त्याने मला त्याबद्दल काही ऐकवले नाही.

मग मुख्याध्यापिका बाईंचे काम आले. या बाई निवृत्त झालेल्या. एका चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. सहा वर्षांपूर्वी त्यांना त्या घरात आणून सोडले होते ते आम्हीच. आता गुडघे ऐकत नाहीत म्हणून त्या तळमजल्याच्या घरात चालल्या होत्या. भाव पाहायला भाऊजींबरोबर हे पण गेले होते, त्यामुळे जे झाले ते मला ह्यांच्याकडून कळले.

भाऊजींनी माळा पाहिला, दारे मोजली, मग खाली उतरून पुन्हा जिना चढले आणि भाव सांगितला. चार दम.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. “मागच्या वेळी तुम्ही अडीच म्हणाला होतात.”

“आठवत नाही.”

“मला आठवतंय. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी जिना श्वासात मोजताना पाहिलं होतं. अडीचच म्हणाला होतात. मधे सहा वर्षांत जिना वाढला का?”

“जिना तोच आहे.”

“मग दीड दम कुठून आला?”

 भाऊजी एवढेच म्हणाले, “सांगितलेला भाव मी बदलत नाही, बाई.” बाई म्हणाल्या, दोन दिवसांत कळवते. त्या कशा म्हणाल्या तेही ह्यांनी मला करून दाखवले.

घरी आल्यावर ह्यांनी चपला काढायच्या आधीच सुरुवात केली. “आज एका शिक्षिकेनं आपल्याला चोर म्हटलं.”

“म्हटलं नाही,” भाऊजी म्हणाले.

“न म्हणता म्हटलं. दादा, एक काय ते ठरव. या महिन्यापासून मजल्यावर भाव, नाहीतर मी त्या कंपनीचा टेंपो चालवायला जातो. त्यांनी दोनदा निरोप पाठवलाय.”

भाऊजी बराच वेळ रुमालाची घडी घालत राहिले. “तुझं तू ठरव,” म्हणाले आणि वर आपल्या खोलीत गेले. त्यांची खोली वरच्या मजल्यावर आहे. घर आमच्या सासऱ्यांच्या वेळचे, जिना आतून, चौदा पायऱ्यांचा.

दोघे भाऊ वेगळे होणार हे मला त्या दिवशी स्पष्ट दिसले. एक परक्या कंपनीचा टेंपो चालवील, दुसऱ्याकडे फाटकावरची पाटी राहील. दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढे बसले, पण मन लागेना. बाईंची आठवण खरी की खोटी एवढे तरी पाहावे म्हणून मी सहा वर्षांपूर्वीची वही काढली. पान सापडायला वेळ लागला नाही : ‘आज मुख्याध्यापिका बाईंचे सामान. पुस्तकेच पुस्तके. अडीच दमांचा जिना, भाऊजी म्हणाले, चांगला जिना आहे.’

बाईंचे खरे होते. मग मी इतर वह्या काढल्या. आमच्या धंद्यात त्याच त्या इमारती पुन्हा पुन्हा येतात. एक भाडेकरू जातो, दुसरा येतो. पोस्टासमोरची इमारत चार वेळा आलेली. तिच्यापुढे लिहिलेले : दीड, दीड, दोन, अडीच. गिरणीमागची : एक, एक, दोन. दवाखान्यावरचे घर : दोन, तीन. मी बोटाने एकेक पान धरून ठेवले, बोटे संपली तेव्हा तांदळाच्या डब्यावरचे झाकण घेतले. आणि मग तळमजल्यांची घरे पाहिली. त्यांचे भाव जसेच्या तसे. माळ्याचे तेच, कपाटांचे तेच. लोभी माणूस फक्त जिन्यापुरता लोभी नसतो.

आणखी एक गोष्ट वहीत सापडली, जी मी लिहून विसरले होते. दीड वर्षापूर्वीचे एक पान : ‘भाऊजी हल्ली आपल्या जिन्यातल्या खिडकीपाशी थांबून बाहेर बघत उभे राहतात.’ पुढे सात-आठ ठिकाणी तेच.

हे गाडी धुवायला मागे गेले होते. भाऊजी चहाला खाली आले तेव्हा मी वह्या त्यांच्यापुढे उघडून ठेवल्या. त्यांनी चष्मा मागितला. उभ्याउभ्याच वाचू लागले. पोस्टासमोरच्या इमारतीची चार पाने वाचली, मग बसले.

“हे कुणाला दाखवलंस, धाकटे?” मला ते धाकटी म्हणतात.

“अजून कुणाला नाही.”

“देवाला?”

“देवाला दाखवायला वही लागत नाही, भाऊजी.”

ते थोडे हसले. मग उठून आमच्या घरातल्या जिन्यापाशी गेले, शर्ट नीट केला, एखाद्या परक्याच्या घरात चढावे तसे एका चालीने चढू लागले. मी खाली उभी. नवव्या पायरीवर खिडकी आहे. तिथे ते थांबले आणि सवयीने बाहेर पाहू लागले. थोड्या वेळाने माझ्याकडे न वळता म्हणाले, “इथून काय दिसतं गं?”

“समोरच्यांची भिंत.”

“भिंतच ना,” ते म्हणाले.

बावीस वर्षांत त्या जिन्याला त्यांनी कधी दम लावला नव्हता.

त्याच दिवशी डॉक्टरांनी छातीवर नळी ठेवली, कागदावर रेघा काढणारे यंत्र लावले आणि सांगितले, हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. औषधावर चालेल, पण जिने बंद. “तुम्हाला धाप लागत होती, तुमच्या लक्षात आलं नाही?” त्यांनी विचारले. भाऊजी म्हणाले, “मला वाटलं, लोक जिने उंच बांधायला लागलेत.” डॉक्टर हसले. भाऊजींनी ते विनोदाने म्हटले नव्हते. ज्या माणसाने तीस वर्षे छातीने जग मोजले, त्याने छातीवर संशय कसा घ्यावा?

ह्यांना मी सगळे सांगितले. हे उठून टेंपो धुवायला गेले. टेंपो सकाळीच धुतला होता.

आता खरा पेच होता तो बाईंच्या भावाचा. भाव एकदा सांगितला की बदलायचा नाही. चारच ठेवला तर बाईंना तो लुबाडणूक वाटणार, आणि आता ती खरोखरच लुबाडणूक ठरणार होती, कारण भाऊजींना कळून चुकले होते. अडीच केला तर तीस वर्षांचा शब्द जाणार, शिवाय का केला ते सांगावे लागणार. ज्याचा दम गेला त्याच्याकडून सामानाचा भाव कोण घेणार? हे म्हणाले, “बाईंना नाहीच म्हणून कळवू. विषय मिटला.” भाऊजींनी नकारार्थी मान हलवली. दोन दिवसांची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी धुतलेला शर्ट घातला. मला म्हणाले, “धाकटे, चल माझ्याबरोबर. वर निरोप घेऊन जायला कुणीतरी हवं.”

ते इमारतीच्या शेवटच्या पायरीवर बसले. मी वर जाऊन बाईंना सांगितले की भाऊजी खाली आले आहेत, त्यांना वर येता येत नाही. बाई कठड्याला धरून, एकेक पाय टेकवत खाली आल्या. त्यांना पाच-सात मिनिटे लागली. भाऊजी उठून उभे राहिले.

“बसा,” बाई म्हणाल्या. “मीही बसते. आता कोण कुणासाठी उभं राहणार.”

दोघे एकाच पायरीवर बसले. भाऊजी समोरच्या सायकलींकडे पाहत म्हणाले, “बाई, भाव अडीच दमांचा. जिना तोच आहे. मी तो नाही.” आणि मग झडपेचे सांगितले.

“हे परवाच का नाही सांगितलंत?”

“परवा मलाच माहीत नव्हतं.”

बाईंनी चष्मा काढला. “मी तुम्हाला नको ते बोलले.”

“जिना वाढला का, एवढंच विचारलंत. वाढलाच होता.”

बाईंनी चष्मा पुसला. “शाळेत असते तर तुम्हाला रीतीचे गुण दिले असते,” त्या म्हणाल्या. “उत्तर चुकलं, पण रीत बरोबर होती. रविवारी माणसं पाठवा.”

रविवारी भाऊजी सकाळपासून त्या इमारतीच्या खाली खुर्चीवर बसले. बाईंचीच खुर्ची, सगळ्यात आधी उतरवलेली. त्यांना असे खाली बसायची सवय नव्हती. कपाट उतरताना कोपऱ्यावर कुठे लागेल हे ते आजवर वरून सांगत. आता दिसत काहीच नव्हते. तासाभराने त्यांनी डोळे मिटले. मला वाटले, डुलकी लागली. तेवढ्यात म्हणाले, “उंट दुसऱ्या वळणावर थांबला. पुस्तकांची पेटी आहे. डावा खांदा बदलला त्यानं.”

उंट खाली आला तेव्हा ह्यांनी त्याला विचारले. “हो, बदलला,” तो म्हणाला. “का, आता खांद्यालाही भाव आहे?”

त्या दिवशी जिन्याची पायरी न् पायरी भाऊजींनी कानाने ऐकली. जाताना त्यांनी पुस्तकांची एक पेटी पुन्हा वर न्यायला सांगितली. बाई सोडून सगळ्यांना वाटले, डोक्यावर परिणाम झाला. उंट पेटी घेऊन चढला. तो पाच वेळा थांबला. भाऊजींनी खिशातून कागद काढून लिहिले : पेटीसह उंट पाच, म्हणजे अडीच.

तेव्हापासून टेंपोत एक पेटी कायम असते. बाईंनी आपल्या जुन्या प्रश्नपत्रिका भरून दिली आहे. भाव पाहायला आता हे आणि उंट जातात. माळा हे बघतात, पेटी उंट चढवतो आणि भाऊजी खाली बसून ऐकतात. आधी ह्यांनी स्वतः चढून पाहिले होते, पण हे कुठेही न थांबता वर गेले आणि हमालांनी ते मान्य केले नाही. मजल्यावरच्या भावाचा विषय ह्यांनी पुन्हा काढला नाही. कंपनीचा तिसरा निरोप आला तेव्हा फाटकावरूनच परत पाठवला. घरे पुन्हा बावीस झाली असे मी म्हणणार नाही. गेल्या महिन्यात चौदा झाली.

मागच्या आठवड्यात भाऊजींची खोली खाली आणली. वर एकट्याने चढायला-उतरायला नको असे डॉक्टरांनी पुन्हा बजावले होते. सामान कितीसे. एक पलंग, एक कपाट, एक टेबल, भिंतीवरचे आरसे दोन, आणि माळ्यावर आमच्या सासऱ्यांचे ताडपत्रीचे बोचके, ज्याविषयी भाऊजी म्हणाले होते, माळा रिकामाच आहे. हमालांनी त्यांना त्यावरून सोडले नाही.

चौघे होते म्हणून तासाभरात उरकले. पलंग खालच्या खोलीत लावला तेव्हा दार त्याला घासू लागले. भाऊजींनी मोजपट्टी काढली आणि दोन बोटे सरकवायला लावला. मग म्हणाले, “काही राहिलं का बघून येतो.”

हे पुढे झाले. “दादा, मी बघून येतो, तू कशाला...”

भाऊजी कठड्याला धरून हळूहळू निघालेही होते. नवव्या पायरीवर थांबले. भिंत पाहिली. मग वर गेले.

आम्ही खाली उभे राहिलो. पाच मिनिटे झाली, दहा झाली. ह्यांनी माझ्याकडे पाहिले, मग जिन्याकडे, आणि हाक मारायला तोंड उघडले. उंट पेटीवर बसला होता. तो म्हणाला, “राहू द्या मालक. अर्धा तास धरलेला असतो.”

हे पण मग पायरीवर बसले. वर पावलांचा आवाज नव्हता. मी चहा ठेवायला आत गेले.